ओआय: जनुकाची एक प्रत पूर्ण बंद असूनही आजार सौम्य, आणि एकच अक्षर चुकलं तर गंभीर. असं का?

निपाणी_फिजिओ
ठिसूळ हाडांच्या आजाराचे (ओआय) दोन जनुकीय रिपोर्ट समोर आहेत. दोन्हीत दोष कॉल१ए१ याच जनुकात. एकात मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन बनवणं इथेच थांबवा अशी खूण) आलाय, म्हणजे त्या प्रतीतून प्रथिन बनतच नाही. ते मूल चालतं, शाळेला जातं. दुसऱ्यात प्रथिनाच्या साखळीत फक्त एका ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी अर्जिनिन हे दुसरं, आणि मांडीची हाडं पार वाकलेली. उलटं असायला नको होतं का?
दुसरं, दोन्ही घरी कॅल्शियमच्या गोळ्या, नाचण्याची आंबील, पायाचं सूप सगळं चालू आहे. आता कोलॅजन पावडरही आणलीय. यातलं काय चालू ठेवायला सांगू?

टिळकवाडी_बायोकेम
हिशेब मांडला की उलगडतं बघा. टाइप १ कोलॅजनचा, म्हणजे हाडातल्या मुख्य प्रथिनाचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांची तिपेडी वेणी: दोन अल्फा-१, एक अल्फा-२. कॉल१ए१ अल्फा-१ बनवतं.

स्टॉप कोडॉन असला की पेशी तो सदोष एमआरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) बहुतेक वेळा आधीच नष्ट करते. कोलॅजन निम्मं बनतं, पण जे बनतं ते निर्दोष. ग्लायसिन बदललं तर सदोष साखळीही बनते आणि वेणीत शिरते. निम्म्या अल्फा-१ साखळ्या सदोष धरल्या, तर दोन्ही चांगल्या येण्याची शक्यता १/४. म्हणजे ४ पैकी ३ रेणू बिघडलेले. हाच दोष अल्फा-२ मध्ये असता तर निम्मेच बिघडले असते. थोडं पण शुद्ध कोलॅजन हे भरपूर पण भेसळीच्या कोलॅजनपेक्षा बरं.

ग्लायसिनच का? साखळीत प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, सलग ३३८ त्रिकुटं. तिन्ही साखळ्या जिथे आत मिळतात तिथे जागा इतकी कमी, की बाजूला नुसता हायड्रोजन असलेलं ग्लायसिनच मावतं. अर्जिनिनचं लांबलचक शेपूट तिथे बसत नाही. गुंफण साखळीच्या शेवटाकडून (सी टोक) सुरुवातीकडे (एन टोक) होते, ती दोषाच्या जागी अडखळते. तेवढ्या वेळात अजून न गुंफलेल्या भागावरच्या लायसिन या अमिनो आम्लावर एंझाइम गरजेपेक्षा जास्त हायड्रॉक्सिल आणि साखरेचे गट चिकटवत राहतात. असे रेणू तंतूत नीट रचले जात नाहीत. काही पेशीतच अडकतात आणि हाड बनवणारी पेशीही थकते.

खानापूर_ऑर्थो
वरच्या उत्तराला हाडाच्या बाजूची जोड देतो. हाडाच्या वजनात साधारण ६०-६५ टक्के खनिज; उरलेल्यात पाणी आणि सेंद्रिय भाग, आणि सेंद्रिय भागात सुमारे ९० टक्के टाइप १ कोलॅजन. खनिज कडकपणा देतं, कोलॅजन चिवटपणा. पालकांना दाखवायचं असेल तर कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्या. एक व्हिनेगरमध्ये ४-५ दिवस ठेवा, रोज व्हिनेगर बदला: खनिज विरघळून हाड रबरासारखं वाकतं. दुसरं ओव्हनमध्ये १२० अंशांवर ३ तास भाजा: आकार तोच राहतो, पण कट्‌कन मोडतं. ओआयचं हाड या दुसऱ्याच्या बाजूला झुकलेलं असतं.

यातली खरी मेख अशी की ओआयमध्ये एकूण हाड कमी असलं, तरी जे हाड आहे त्याच्या पदार्थात खनिजाची दाटी कमी नसते, उलट जास्त असते. तंतूंची रचना विस्कटलेली, त्यात बारीक स्फटिक दाटीवाटीने भरलेले. चांगल्या हाडात सूक्ष्म तडा गेला तर तो वळतो, तंतू एकमेकांवर घसरून जोर खाऊन टाकतात. इथे तडा सरळ आरपार जातो. शिवाय हाडाची बाहेरची भिंत पातळ आणि सच्छिद्र. कॅल्शियम वाढवून हे दुरुस्त होत नाही. वयाला लागतं तेवढं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पुरेसं असू दे, जास्त नको. आंबील चालू राहू दे की, अन्न म्हणून चांगलीच आहे. पावडर बंद. ती पोटात पचून अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड होतात, आणि पेशी नवी साखळी शेवटी त्याच सदोष जनुकावरून विणते.

निपाणी_फिजिओ
मग बिस्फॉस्फोनेटने काय साधतं? आणि बाळ सांभाळताना काय सांगायचं?

बेळगाव_बालरोग
बिस्फॉस्फोनेट कोलॅजन सुधारत नाही. हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं, म्हणून हाडाचं प्रमाण वाढतं, मणक्यांचा दबलेला आकार सुधारतो. झोलेड्रोनिक आम्ल या बिस्फॉस्फोनेटचा नेहमीचा डोस किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, दर ६ महिन्यांनी. पहिला याहून कमी. आधी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासायचंच. डी कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातपाय आखडतात. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप येतो, त्याची पालकांना आधीच कल्पना द्या.

आपल्याकडे खरा धोका न्हाणीत आहे ताई. बाळंतिणीकडे येणारी बाई बाळाला पायांवर आडवं घेऊन हात-पाय ताणते, छातीवर हातांची कैची करते, घोट्याला धरून उलटं करते. यातलं काहीही नको. तेल हलक्या हाताने, न ओढता. लंगोट बदलताना घोटे धरून उचलायचं नाही. पंजा पसरून कुल्ल्याखाली सरकवायचा. काखेत धरून उचलणंही बंद. कपडे पुढून उघडणारे. तुमच्या बाजूने पॅसिव्ह स्ट्रेचिंग (आपण मुलाचे हातपाय ताणणं) आणि पिळ देणारी हालचाल टाळा. मूल स्वतः करेल तेवढीच, पाण्यात असेल तर उत्तम. प्लास्टर शक्य तितकं हलकं आणि थोडे दिवस, कारण हाड जुळायला साधारण नेहमीइतकाच वेळ लागतो, पण नुसतं पडून राहिलं की उरलंसुरलं हाडही झिजतं.

खर्चाचं म्हणाल तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ओआयचं बिस्फॉस्फोनेट उपचार गट २ मध्ये आहे. नोंदणी ठरवून दिलेल्या केंद्रातच होते. मुंबईचं केईएम त्यातलं एक.

टिळकवाडी_बायोकेम
एक राहिलं. दोष सी टोकाजवळ म्हणजे आजार जास्त गंभीर, असं पालक कुठेतरी वाचून येतात. अल्फा-१ मध्ये ते ढोबळमानाने खरं, पण अपवाद भरपूर, आणि अल्फा-२ ला तर तो नियम लागूच करू नये. एकाच घरात तोच दोष असलेल्या दोघांत फ्रॅक्चरची संख्या वेगळी असते. नुसता रिपोर्ट वाचून मूल चालेल की नाही हे सांगू नका.

खानापूर_ऑर्थो
आणि डेक्सा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) नॉर्मल आली म्हणून ओआय नाही असंही नव्हे. उलट मूल ठेंगणं असेल तर आकडा खोटाच कमी दिसतो, म्हणून उंचीनुसार दुरुस्त केलेला झेड-स्कोअर (त्याच वयाच्या मुलांशी तुलना करणारा आकडा) मागा. मांडीत रॉड असेल तर तो भाग मोजणीतून वगळायला तंत्रज्ञाला आधीच सांगा. मणक्याचा बाजूने एक्स-रे वेगळा काढा, दबलेले मणके कधीकधी दुखतही नाहीत.