अ‍ॅपमधली दृश्यप्रत आणि डोळ्यांना दिसणारा धूमकेतू

'अ‍ॅपमध्ये दृश्यप्रत ७ होती, तरी सोलापुरात गच्चीवरून द्विनेत्रीतून (दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून) धूमकेतू दिसला नाही' असं एकाने लिहिलंय. दृश्यप्रत म्हणजे चमकीचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू मंद. इथली ७ ही धूमकेतूच्या अख्ख्या प्रकाशाची बेरीज आहे. ताऱ्यात तेवढा प्रकाश एका बिंदूत असतो, इथे तो कोमाभर, म्हणजे धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर वायू-धुळीच्या आवरणभर, पसरतो आणि शहराच्या उजेडात हरवतो. शहराबाहेर हिप्परगा तलावाकडे जाऊन बघा. शिवाय अ‍ॅपचा आकडा बहुतेकदा भाकीतच असतो, म्हणून स्वतः मोजा! कोमाचा आकार आणि सरासरी चमक लक्षात ठेवायची, मग फोकस बिघडवून दृश्यप्रत माहीत असलेले तारे तेवढेच मोठे करून तुलना करायची. नोंदीत वेळ, द्विनेत्रीचा आकार, कोमाचा व्यास हवाच. धूमकेतूतून निघणाऱ्या वायूचं माप मात्र डोळ्यांनी होत नाही. सोहो या सूर्यनिरीक्षक यानावरचं स्वान उपकरण पाणी फुटून सुटलेल्या हायड्रोजनच्या अतिनील प्रकाशावरून पाण्याचं उत्सर्जन काढतं.