आंबा घाटाच्या वळणांवर लुकलुकणारा ब्रेकचा लाल दिवा

प्रश्न (पावसकर):
कोल्हापूरहून रत्नागिरीला परतताना आंबा घाटाच्या उतारावर, प्रत्येक तीव्र वळणाला ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि गाडी सरळ झाली की विझतो. हँडब्रेक पूर्ण सोडलेला असतो. गाडी 9 वर्षांची असून पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक आहेत. गणपतीच्या आधी असाच दिवा लागला, तेव्हा गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल वर घालून दिले आणि तो गेला होता. आता पेडल पूर्वीपेक्षा थोडे खाली जाते आणि दोन दिवसांपासून एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवाही कायम आहे. मेकॅनिकच्या मते सेन्सरचा दोष असून गाडी चालवायला हरकत नाही. शनिवारी आईला पुन्हा कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचे आहे. काय करावे?

सड्यावरचा:
गाडी घाटात नेऊ नका. दिवा वळणावरच लागतो, यातच बरेचसे उत्तर आहे. ऑइलच्या डबीत एक तरंगता गोळा असतो. पातळी किमान रेषेशी आली की वळणावर ऑइल एका बाजूला जाते, गोळा खाली बसतो आणि दिवा लागतो. इंजिन ऑइल जळते, ब्रेक ऑइल जळत नाही, त्यामुळे ते कमी झाले असेल तर एक तर पॅड (डिस्कवर घासणारे ब्रेकचे तुकडे) झिजून त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर आले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. पॅडमुळे पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. वर घातलेले ऑइल इतक्या लवकर संपले आणि पेडलही खाली जाऊ लागले, म्हणजे माझा संशय गळतीवर आहे. वर घालून दिवा घालवणे म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवण्यासारखे झाले.

सकाळी सपाट जागी डबीवर पातळीची खूण करा. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ आहे का, ते हात लावून पाहा. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा. ते सावकाश खाली जात राहिले आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, पाहावा लागेल. काही गाड्यांत क्लचलाही याच डबीतून ऑइल जाते, म्हणून तिकडेही नजर टाका.

जांभ्या:
पिवळा दिवा एकटा असेल तर नेहमीचे ब्रेक लागतात, फक्त चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण जाते. मात्र लाल आणि पिवळा एकत्र लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद असू शकते. मग ओल्या उतारावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते. सेन्सरचाच दोष असला, तरी कोणत्या चाकाचा, हे स्कॅनरवर दिसते. आपल्याकडचा तांबडा चिखल सेन्सरवर थापून बसतो, हेही खरे.

मिऱ्याचा वारा:
ऑइल शेवटचे कधी बदलले होते? ते हवेतली ओल शोषते आणि आपल्या दमट हवेत हे विसरून चालत नाही. नव्या डॉट-3 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. लांब उतारावर ते उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला टेकते. साधारण दर 2 वर्षांनी पूर्ण ऑइल बदलावे, तेही सीलबंद बाटलीतले. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धरावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

पावसकर:
सर्वांचे आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये काल ड्रम उघडले. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरचे (ड्रममधले ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचे) रबर उचलताच बोट ओले झाले आणि त्या बाजूचे लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) ऑइलने भिजलेले निघाले. मागचे दोन्ही सिलिंडर आणि लायनर बदलले, संपूर्ण ऑइल नवे भरून हवा काढली. पिवळा दिवा पुढच्या डाव्या चाकाच्या चिखलाने माखलेल्या सेन्सरमुळे होता. तो साफ केल्यावर गेला. डबीवर खूण केली आहे आणि आठ दिवस पावस-रत्नागिरी एवढीच गाडी चालवणार आहे. शनिवारी आई आणि मी एसटीने जात आहोत.