मदत हवी आहे: आईच्या फोनला बोट लागत नाही, चेहरा लावला तर बँकेचं ॲप ऐकत नाही

धूळवाट
आईच्या फोनचं फिंगरप्रिंट बंद पडलंय. बोट कितीही दाबलं तरी ढिम्म. शेवटी फेस अनलॉक लावून दिलं, ते झकास चालतं. पण बँकेच्या ॲपमध्ये चेहऱ्याचा पर्यायच दिसत नाही, नुसतं फिंगरप्रिंट किंवा एमपिन. चेहऱ्यानं ॲप उघडायची सेटिंग कुठे असते? आणि दोन्हींतलं कायमचं काय ठेवू? लवकर सांगा, ती उद्या गावी जातेय, मग फोन माझ्या हाताशी नसेल.

आडवाट
सेन्सर कुठे आहे? कडेच्या बटणात, पाठीवर की स्क्रीनखाली? अँड्रॉइड कितवं? वर टेम्पर्ड ग्लास आहे का? एवढं कळल्याशिवाय सगळे हवेत बाण मारतील.

धूळवाट
अँड्रॉइड १३. सेन्सर स्क्रीनखाली. ग्लास आहे, सगळ्यांच्याच असते. पण प्रश्न ॲपचा आहे, ग्लासचा नाही.

तिठा
ॲपचं उत्तर: अशी सेटिंग नाही, शोधत बसू नका. अँड्रॉइड बायोमेट्रिकचे तीन वर्ग करतं. क्लास ३ म्हणजे भक्कम, क्लास १ म्हणजे निव्वळ सोय. साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालणारं फेस अनलॉक बहुतेक फोनांत क्लास १ मध्ये येतं. ते फक्त लॉक स्क्रीन उघडू शकतं, ॲपला त्याचा वापर करताच येत नाही. बँका क्लास ३ मागतात, म्हणून तिथे फक्त बोट दिसतं.
आणखी एक फरक लक्षात ठेवा. क्लास ३ असेल तर फोन ७२ तासांतून एकदा पिन मागतो. खालच्या वर्गांना २४ तासच मिळतात, शिवाय फोन ४ तास नुसता पडून राहिला तरी पिन लागतो. त्यामुळे आई उद्या फोन करून म्हणाल्या की चेहरा दाखवला तरी पिन मागतोय, तर फोन बिघडलेला नसेल.

लंबक
म्हणूनच आयफोन घ्यावा. फेस आयडी ३०,००० हून जास्त अवरक्त ठिपके टाकून चेहऱ्याची खोली मोजतो, अंधारातही चालतो. अनोळखी माणसाच्या चेहऱ्यानं उघडायची शक्यता ॲपल १० लाखांत एक सांगतं, टच आयडीला ५० हजारांत एक. बँकेची ॲपंही मुकाट उघडतात. विषय संपला.

तिठा
@लंबक, त्यांनी नवा फोन कुठला घेऊ असं विचारलेलंच नाही. आणि १० लाखांचा आकडा जुळ्यांना आणि १३ वर्षांखालच्या मुलांना लागू नाही, हे ॲपल स्वतःच सांगतं. साध्या कॅमेऱ्यावरही भक्कम काम होऊ शकतं. २०२३ च्या पिक्सेल ८ चं फेस अनलॉक क्लास ३ आहे, फक्त अंधारात चालत नाही. खरा धोका वाटेवरच्या अनोळखी माणसाचा नसतो, फोटोचा असतो. नेदरलँडच्या ग्राहक संघटनेनं २०१९ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत ११० पैकी ४२ फोन मालकाच्या फोटोनं उघडले होते. तेव्हा आईंच्या फोनवर फेस अनलॉक ठेवणारच असाल तर 'डोळे उघडे असले तरच उघडा' हा पर्याय असल्यास चालू करा. झोपलेल्या माणसासमोर फोन धरण्यावर तेवढाच उपाय. फोटोतले डोळे उघडेच असतात, त्यामुळे फोटोवर त्याचा भरवसा धरू नका.

गुळपोळी
फोन कसले बदलता, आधी हात बघा. भांड्यांची पावडर, तारेची घासणी, कपड्यांचा सोडा यांनी बोटांच्या रेषा झिजतात, वयानं कातडी कोरडी पडते. कोरड्या कातडीत रेषा आणि खाच यांतला फरक सेन्सरला पुरेसा दिसत नाही. जुने ठसे सगळे पुसा. हात कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडे करा, किंचित क्रीम चोळा आणि तेलकटपणा गेला की नोंदणी करा. उजवा अंगठा दोनदा नोंदवा: एकदा सरळ, एकदा फोन हातात धरल्यावर पडतो तसा तिरका. तिसरा ठसा डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा घ्या, ते बोट घासण्यात कमी झिजतं. नोंदणी ग्लास लावूनच करा. ग्लासशिवाय घेतलेला ठसा ग्लासवरून नीट जुळत नाही.

पाणवठा
आईंना पेन्शन असेल तर एक सांगून ठेवते. हयातीच्या दाखल्यालाही बोट लागत नाही ही ज्येष्ठांची नेहमीची अडचण. २०२१ पासून जीवन प्रमाण चेहऱ्यावरही होतं, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन ॲपं टाकायची. फोनच्या फेस अनलॉकशी त्याचा संबंध नाही. तिथला चेहरा आधारच्या नोंदीशी ताडला जातो, फोनमधल्या नोंदीशी नाही. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे भिंत मोकळी ठेवा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

धूळवाट
पेन्शन नाहीये. @गुळपोळी, सगळं केलं. नोंदणीच होत नाही. तिथे बोट ठेवलं की 'पुन्हा प्रयत्न करा', एवढंच. माझंही बोट घेत नाही, आणि माझे हात काही झिजलेले नाहीत.

आडवाट
हे आधी सांगायला हवं होतं. नोंद होऊन ओळखत नसेल तर हात किंवा ग्लास. नोंदच होत नसेल, तीही कुणाच्याच बोटाची, तर सेन्सर किंवा त्याच्या वरचा डिस्प्ले. स्क्रीन कधी बदलली आहे का?

धूळवाट
हो, फुटली होती म्हणून बदलली. बाजारातल्या दुकानात, कंपनीची नाही. डिस्प्ले एकदम छान आहे. पण त्याचा बोटाशी काय संबंध?

आडवाट
सगळा संबंध तिथेच आहे. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर म्हणजे छोटा कॅमेरा. बोट ठेवलं की तेवढा गोल उजळतो, रेषांवरून परतलेला प्रकाश अमोलेड स्क्रीनच्या (हिचे ठिपके स्वतःच उजळतात, मागून दिवा लागत नाही) पिक्सेलांमधल्या फटींतून खाली उतरतो आणि सेन्सर त्याचा फोटो घेतो. दुकानदार स्वस्तात बसवतात ते बहुधा एलसीडी पॅनेल, दुकानात त्याला टीएफटी किंवा इनसेल म्हणतात. त्याच्या मागे बॅकलाइटचा अख्खा थर असतो, प्रकाश खाली जातच नाही. सेन्सर ठणठणीत असला तरी आंधळा.
खात्री करायची असेल तर संपूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा, खोलीत अंधार करा. अमोलेडवर स्क्रीन विझल्यासारखी काळीकुट्ट दिसेल. एलसीडीवर राखाडी उजेड दिसेल, कडांना जास्त.

कडीकुलूप
अमोलेड असूनही हा त्रास होतो, बरं का. नकली अमोलेडची जाडी आणि पारदर्शकता वेगळी असते. खरं पॅनेल बसवलं तरी सेन्सर कॅलिब्रेट करावा, म्हणजे नव्या स्क्रीनशी जुळवून घ्यावा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये काचेवर ठरलेले रबरी ठोकळे ठेवून ते करतात. पिक्सेल ६ पासून गुगलनं हे काम ब्राउझरमधून करायची सोय दिली आहे, बाकी बऱ्याच कंपन्यांत सेंटरशिवाय होत नाही. माझं मत विचाराल तर स्क्रीनखालचा सेन्सर हीच चुकीची जागा. कडेच्या बटणातला कपॅसिटिव्ह सेन्सर स्वस्त, ग्लासचा प्रश्न नाही, स्क्रीन फुटली तरी चालू.

लंबक
आणि ओल्या हातानं? पावसाळ्यात कपॅसिटिव्ह सेन्सर साफ झोपतो. चेहऱ्याला ओल्या हाताचं काय?

कडीकुलूप
स्कार्फ बांधून स्कूटरवर बसलेल्या बाईचा चेहरा उघडून दाखवा, मग बोलू.

लंबक
मास्क असताना उघडण्याची सोय आयओएस १५.४ पासून आहे, आयफोन १२ आणि पुढच्यांत. डोळ्यांभोवतीचा भाग बघतो.

कडीकुलूप
डोळ्यांवर गॉगल आणि वर हेल्मेट असतं हो.

वेलदोडा
लॅपटॉपवर विंडोज हॅलो चालू करायचं असेल तर अवरक्त कॅमेरा लागतो, साध्या वेबकॅमवर चेहऱ्याचा पर्याय येत नाही. बाहेरून यूएसबीला लावायचा फिंगरप्रिंट सेन्सर मिळतो, तो चालतो.

धूळवाट
@वेलदोडा, लॅपटॉपचं कुणी विचारलं?
@आडवाट, काळा फोटो बघितला. राखाडी आहे, खालच्या कडेला तर चक्क उजेड. मग आता रात्रीत काय करू?

आडवाट
रात्रीत बोट सुरू होणार नाही, तो नाद सोडा. फोनला सहा आकडी पिन ठेवा, जन्मसाल नको. फेस अनलॉक फक्त लॉक स्क्रीनपुरतं राहू द्या. बँकेच्या ॲपला एमपिन, तो फोनच्या पिनपेक्षा वेगळा आणि यूपीआय पिनपेक्षाही वेगळा. तिन्ही त्यांच्याकडून आजच दोन-तीनदा टाकून घ्या. गावी नेट नसताना एमपिन विसरला तर बदलणं अवघड जातं.
परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला मूळ अमोलेडची किंमत विचारा, 'सेन्सर आणि कॅलिब्रेशनसह' हे शब्द वापरून विचारा. पैसे देण्याआधी काउंटरवरच काळा फोटो उघडून बघायचा आणि तिथेच एक बोट नोंदवायचं. नोंद झाली तरच बिल.

गुळपोळी
आणि नोंदणीआधी क्रीम विसरू नका, ते तरी खोटं नाही.

धूळवाट
पिन टाकून घेतोय तिच्याकडून. सेंटरची किंमत कळली की इथेच लिहितो.