मदत हवी आहे: न जुळणाऱ्या डीएनएलाही सेन्सर प्रतिसाद देतो

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी डीएनए ओळखणारा विद्युतरासायनिक बायोसेन्सर तयार करत आहे. सायट्रेट पद्धतीने केलेले सोन्याचे नॅनोकण कार्बन इलेक्ट्रोडवर बसवून, त्यांवर थायॉल (सोन्याला चिकटणारा गंधकयुक्त गट) जोडलेला एकपदरी प्रोब (शोधायच्या डीएनएला जुळणारा छोटा धागा) रात्रभर ठेवते आणि उरलेली जागा मर्कॅप्टोहेक्झॅनॉल या छोट्या थायॉल रेणूने तासभर झाकते. (आधी प्रोब द्रावणातच कणांना जोडून पाहिला होता, पण मीठ एकदम घातल्यामुळे कण एकमेकांना चिकटून लालभडक द्रावण डोळ्यांदेखत निळसर झाले, म्हणून तो मार्ग सोडला.)

विद्युतसंकेत देणारे मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य एकपदरी डीएनएतल्या मोकळ्या ग्वानीन या बेसला अधिक चिकटत असल्याने, पूरक धागा जुळल्यावर विद्युतप्रवाहाचे शिखर खाली यायला हवे, आणि ते येतेही. अडचण अशी की, अजिबात न जुळणारा धागा टाकला तरी ते जवळजवळ तेवढेच खाली येते. प्रोबच सोन्यावरून सुटून धुण्यात वाहून जात असावा किंवा मर्कॅप्टोहेक्झॅनॉल त्याला हुसकावत असावे, असा माझा संशय आहे.

नुसत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, कोणताही धागा न टाकता) ठेवलेल्या इलेक्ट्रोडची चाचणी अजून केलेली नाही. ती आधी करावी, की झाकण्याची वेळ कमी करून पाहावी? शिवाय धुण्याच्या बफरमध्ये मिठाचे प्रमाण आणि तापमान आपण किती ठेवता, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.