हात लावून बघा

निवृत्तीनंतर कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन ऑस्ट्रेलियाभर फिरताना मध्येच काही मोडलं तर काय, असं तुम्ही विचारलंय. मोडतंच हो! आम्ही ॲडलेडहून पर्थला लेकीकडे निघालो होतो. नलारबोरचं ओसाड मैदान ओलांडताना कायगुना नावाच्या थांब्यावर चहासाठी थांबलो आणि सवयीने चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, हात लावला, तर चटकाच बसला. बेअरिंग गेलं होतं. पुढे बॅलाडोनियाच्या दिशेने १४६ किमीचा सरळसोट रस्ता, एक वळण नाही. तिथे चाक निखळलं असतं तर?

जादा बेअरिंग आणि ग्रीस जवळ होतं म्हणून निभावलं. शेजारी उतरलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने जॅक लावला, मी नुसता पाने पुढे करत होतो. बदल्यात हिने पोहे केले, तेही लिंबाशिवाय. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर लिंबं आणि मध दोन्ही काढून घेतात, आधीच संपवा.

पर्थला लेकीने खोली लावून ठेवली होती, पण नातू ऐकेना. तीन आठवडे तो आमच्याबरोबर अंगणातल्या कॅरव्हॅनमध्येच झोपला. आता विचारतो, पुन्हा कधी बिघडणार?