मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीला माझ्या अडखळण्याबद्दल कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, लिहितोय पहिल्यांदाच. लिहिताना माझं काही अडत नाही, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३५ वर्षांचा आहे आणि लहानपणापासून अडखळत बोलतो. घरचे सोडले तर हे जवळपास कुणालाच माहीत नाही, कारण मी ते लपवत आलोय. 'प' आणि 'क' वर माझा आवाजच फुटत नाही. ओठ मिटलेले राहतात, छाती आवळून येते आणि समोरच्याला वाटतं, हा विचार करतोय. अडणारा शब्द मला दोन-तीन शब्द आधीच दिसतो, मग मी वाक्य वळवतो. 'परवा'चं 'दोन दिवसांनी' होतं, 'कळलं नाही'चं 'लक्षात आलं नाही' होतं. मागे एका दवाखान्यात वय विचारलं, 'पस्तीस' काही केल्या निघेना, तेव्हा 'छत्तीस' सांगितलं आणि कागदावर तेच लागलं. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. 'एकेकाने आपली ओळख करून द्या' असं कुणी म्हटलं की माझ्या आधीचे लोक काय बोलले यातलं मला अक्षरही ऐकू येत नाही.

माझ्या मुलीचं नाव 'क'वरून आहे. बायकोला ते फार आवडलं होतं आणि मला नको का म्हणायचं होतं हे सांगायला तोंड उघडलं नाही. चार वर्षं मी तिला 'सोनू' म्हणतोय. तिचं खरं नाव मी घेतो ते फक्त रात्री तिला झोपवताना, गाण्यात गुंफून. गाताना मी कधीच अडकत नाही. (अडखळणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं म्हणे. दोघांनी एकत्र मोठ्याने वाचलं तरीही अडत नाही.)

पाच महिन्यांपूर्वी ती अडखळायला लागली. आधी 'म-म-मला' असं व्हायचं, तेव्हा आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. मग एक दिवस 'बाबा' म्हणताना तिने डोळे घट्ट मिटले. ते डोळे मिटणं माझं आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आम्ही स्पीच थेरपिस्टकडे गेलो. बाई फार समजूतदार आहेत. त्यांनी सांगितलं की दोन ते पाच या वयात साधारण वीसातल्या एका मुलाला असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं, मुलींचं तर मुलांपेक्षा जास्त वेळा. मोठ्यांमध्ये शंभरात एखादाच उरतो. पण घरात कुणाचं मोठेपणापर्यंत टिकलेलं असेल तर मुलाचंही टिकण्याची शक्यता वाढते, म्हणून नुसती वाट बघत बसू नका, असंही त्या म्हणाल्या. एका नातेवाइकांनी 'बापाचं ऐकून शिकली' असं तोंडावर सुनावलं होतं, तेही मी विचारून घेतलं. ऐकून कुणी अडखळायला शिकत नाही. यात अनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, २०१० मध्ये संशोधकांना याच्याशी संबंधित तीन जनुकंही सापडली आहेत. म्हणजे ऐकवून नाही, पण माझ्याकडूनच आलं असणार. हे पचवायला मला वेळ लागतोय.

घरी 'हळू बोल', 'श्वास घे', 'पहिल्यापासून सांग' हे बंद करायला सांगितलंय. तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, आपणच सावकाश बोलायचं. एवढं आम्ही करतोय आणि घरातली घाई खरंच कमी झाली आहे.

आता माझी अडचण. बाईंनी शेवटी विचारलं, "तुमचंही अडखळतं, हे तिला माहीत आहे का?" मी गप्प. कारण आदल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "बाबा, तुझं पण अडकतं का रे?" आणि मी म्हणालो होतो, "नाही गं."

बाईंचं म्हणणं, मी तिच्यासमोर मोकळेपणाने अडखळावं. शब्द बदलू नयेत, आणि जमलं तर जो शब्द अडत नाही त्यावरही मुद्दाम हलकंसं अडखळून पुढे जावं. भीती कमी करायला ही जुनी, नेहमीची पद्धत आहे म्हणतात. मी एकट्याने आरशासमोर करून पाहिलं. चार शब्द जमले आणि हात घामाने ओले झाले. पंचवीस-तीस वर्षं जे झाकण्यात घालवली ते मुद्दाम करायचं, हे डोक्याला पटतं पण अंगाला पटत नाही.

दुसरं म्हणजे, थांबलं नाही तर लिडकोम्ब पद्धत सुरू करू असं त्यांनी सुचवलंय. ऑस्ट्रेलियात तयार झालेली, लहान मुलांसाठीची पद्धत. त्यात आईवडीलच रोज घरी मुलाशी बोलतात आणि न अडखळता बोललं की अधूनमधून कौतुक करतात. तिचा चांगला उपयोग होतो हे मी वाचलंय, त्याबद्दल शंका नाही. पण 'वा, किती सरळ बोललीस' हे माझ्या तोंडून गेलं, तर न अडखळणं म्हणजेच चांगलं असं तिच्या मनात बसेल का? मी नेमका तिथूनच लपवायला लागलो होतो.

तर विचारायचंय ते असं. स्वतः अडखळणाऱ्या आईवडिलांपैकी कुणी मुलाला हे सांगितलं आहे का? किती वर्षांचं असताना? लिडकोम्ब केलेल्या पालकांनी ते कौतुक कोणत्या शब्दांत केलं? आणि मुद्दाम अडखळण्याचा सराव कुणी केला असेल तर सुरुवात कुठून केली, फोनवर, अनोळखी माणसासमोर की घरात? मला उलट घरातच सगळ्यात अवघड जातंय.

'आत्मविश्वास वाढवा' असं कृपया लिहू नका, ते पुष्कळ ऐकलंय. तोंडात खडे धरून बोलण्यासारखे उपायही लहानपणी करून झालेत.

बाईंकडे पुढची वेळ शुक्रवारची आहे. त्याआधी मला तिला सांगायचंय की त्या दिवशी मी खोटं बोललो, आणि ते सांगताना तिला तिच्या नावाने हाक मारायची आहे, न गाता. नाव अडलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली, तर त्या क्षणी तुम्ही काय केलं असतं?