अनुभव धागा: फोनवरून जोडलेली गिऱ्हाइकं

नौपाडेकरीण
जुना फोन भाचीला द्यायचा म्हणून रिकामा करत होते, तर २०२० च्या गणपतीतला एका आजींचा व्हॉइस मेसेज सापडला. राम मारुती रोडला राहायच्या, मुलगा परदेशात, बाहेर पडायची सोय नाही. "पारी पातळ होती हो, आमच्या सासूबाईंच्या मोदकांसारखी," एवढंच. मी तेव्हा नुकतीच घरून मोदक द्यायला लागले होते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले की अंगठे भरपूर यायचे, ऑर्डर नाही. आजींना उलट विचारलं, सासूबाई सारणात काय घालायच्या? खसखस, भाजून. तेव्हापासून माझ्याही सारणात खसखस असते आणि आजींच्या बिल्डिंगमधली कितीतरी घरं माझ्याकडूनच मोदक नेतात. तुम्ही माणसं कशी जोडलीत? लिहा ना.

शिलाई_कोपरखैरणे
व्हॉट्सॲपवर एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची ब्रॉडकास्ट लिस्ट असते, तिच्यात २५६ च्या वर नंबर चढत नाहीत, आणि समोरच्या बाईने आपला नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज तिला जातच नाही. म्हणून ब्लाउज हातात देतानाच "ताई, नंबर सेव्ह करा ना" म्हणते. पुढचं नंतर लिहिते, कुकर झाला.

घोडबंदर_रोपवाटिका
इन्स्टावर रोज कुणीतरी मोगऱ्याचा फोटो पाठवतं, पानं पिवळी पडली म्हणून. रोप आमच्याकडचं नसलं तरी उत्तर देतो. बहुतेकदा पाणी जास्त झालेलं असतं. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नको, असं सांगतो. रोप जगलं की तेच लोक रविवारी पोराबाळांना घेऊन येतात. जाहिरातीला पैसे घालून बघितले, पण अशी माणसं त्यातून आली नाहीत.

नौपाडेकरीण
दादा, माझ्या कढीपत्त्याला काळे ठिपके आलेत!

घोडबंदर_रोपवाटिका
पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका.

दिवाळे_कोळीवाडा
आमचं मासळीचं. सकाळी माल आला की टोपलीचा फोटो स्टेटसला. २४ तासांत आपोआप जातो ते बरंच, कालचा पापलेट आज कुणाला दिसत नाही. कल्ला उघडून लाल दाखवते, मग भावाची घासाघीस कमी होते. जून-जुलैत बोटी बंद. तेव्हा कुणी ताजा सुरमई मागितला तर सरळ सांगते, आता मिळेल तो बर्फातला, नको घेऊ, सोडे ने, सुकवलेली कोळंबी. एवढं सांगितलं की ते गिऱ्हाईक नारळीपौर्णिमेनंतर परत येतंच.

केक_खारघर
माझं खातं हॅक झालं गेल्या वर्षी. सगळे फोटो, सगळ्या चॅट गेल्या. दोन दिवस जेवण गेलं नाही.

शिलाई_कोपरखैरणे
अगं बाई गं! मग?

केक_खारघर
वाढदिवसांच्या तारखा वहीत होत्या, कुणाला अंडं चालत नाही तेही. एकेकीला फोन केले. नव्या खात्यावर पहिल्या आल्या त्या याच बायका, मैत्रिणींना घेऊन. सगळ्यांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खातं उघडायला आणखी एक कोड लागतो ते, आजच लावा.

वाशीकर_स्टेशनरी
"आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद" हा आपोआप जाणारा मेसेज मी काढून टाकला. रात्री अकराला कुणाची आई विचारते, उद्या प्रोजेक्टला थर्माकोल मिळेल का. "आठला उघडतो, बाजूला काढून ठेवतो," असं मी स्वतः लिहितो. तिला तेवढ्यावर झोप लागते.

कळवा_आई
माझ्या मुलाचं नेहमी हेच, रात्री अकरालाच आठवतं 😄
कोळीवाडावाल्या ताई, सोडे ठाण्याला पोचवता का?

दिवाळे_कोळीवाडा
दीर रोज बेलापूरहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येतो. स्टेशनवर देईल. पाव किलो की अर्धा?

कळवा_आई
पाव. आणि सुकट असेल तर तीपण, निवडलेली.

दिवाळे_कोळीवाडा
निवडूनच देते. नंबर मेसेज करा, इथे नको टाकू.